अतिदक्षता विभागातली नर्स प्रॅक्टिशनर : ही वाट नेमकी कशी जाते?

रात्रीचे तीन वाजले आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग आहे असे समजू. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गामुळे दाखल झालेल्या, सत्तर किलो वजनाच्या एका बासष्ट वर्षांच्या गृहस्थांचा रक्तदाब ८४/४६ वर उतरला आहे, गेल्या दोन तासांत लघवीच्या पिशवीत जेमतेम ४० मिली लघवी जमली आहे आणि मघापासून ते असंबद्ध बोलू लागले आहेत. खाटेजवळच्या नर्सने हे सारे टिपले आहे. लघवी तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिली तरी व्हायला हवी, म्हणजे दोन तासांत ७० मिली, हा हिशेब तिच्या बोटांवर आहे. ती फोन उचलते आणि काही मिनिटांत जी व्यक्ती खाटेपाशी येते, तीही नर्सच असते. तिच्या ओळखपत्रावर मात्र ‘नर्स प्रॅक्टिशनर’ असे लिहिलेले असते.

या दुसऱ्या नर्सचे काम पहिलीपेक्षा वेगळे आहे. वरच्या आणि खालच्या रक्तदाबावरून ती सरासरी धमनीदाब काढते. तो सुमारे ५९ येतो आणि तो ६५ च्या वर नेणे हे पहिले उद्दिष्ट ठरते. अशा सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनावर प्रतिसादामुळे अवयव कोलमडू लागतात तेव्हा, पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली सलाईन द्यावे असे मार्गदर्शक तत्त्व सांगते. या रुग्णासाठी ते २१०० मिली होते. पण जुन्या केसपेपरवर हृदय अशक्त असल्याची नोंद आहे. एकदम दोन लिटर पाणी शिरेत गेले, तर ते फुप्फुसांत साचण्याची भीती आहे. म्हणून ती छाती तपासते, सोनोग्राफीचा प्रोब लावून हृदयाचे आकुंचन पाहते, एकावेळी ५०० मिली देऊन पुन्हा तपासायचे ठरवते आणि नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध लवकर सुरू करते. रक्ताचे कल्चर घ्यायला सांगते, लॅक्टेट मागवते, अँटिबायोटिक निवडते आणि या सगळ्याच्या ऑर्डर स्वतःच्या नावाने लिहिते. तज्ज्ञ डॉक्टर फोनवर उपलब्ध असतात आणि गरज पडल्यास ती त्यांना उठवतेही, पण या क्षणीचा निर्णय तिचा असतो आणि तो चुकला तर उत्तरही तिलाच द्यावे लागते.

खाटेजवळची नर्स ‘काय बदलले’ हे सर्वांत आधी ओळखते. नर्स प्रॅक्टिशनरला ‘हे कशामुळे झाले आणि आता काय करायचे’ हे ठरवावे लागते. या दोन प्रश्नांमधले अंतर ओलांडण्यासाठी अमेरिकेत जी पदवी, परीक्षा आणि परवान्यांची साखळी उभी केली आहे, तिची ओळख इथे करून द्यायची आहे. पुढचे पाऊल म्हणून या मार्गाचा विचार करणाऱ्या मराठी नर्सेसना आणि त्यांच्या घरच्यांना ती नीट माहीत असलेली बरी, कारण या साखळीत सुरुवातीलाच चुकीची कडी निवडली तर पुढे दोन-तीन वर्षे आणि बराच पैसा खर्च करून मागे यावे लागते.

‘अक्यूट’ म्हणजे कोणती जागा नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. ‘अक्यूट केअर’ म्हणजे रुग्णालय आणि ‘प्रायमरी केअर’ म्हणजे बाहेरचा दवाखाना, असे बहुतेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात ही विभागणी इमारतीवर बेतलेली नसून रुग्णाच्या अवस्थेवर बेतलेली आहे. ज्याची प्रकृती अस्थिर आहे, गुंतागुंतीची आहे, केव्हाही ढासळू शकते किंवा यंत्राच्या आधारावर आहे, तो रुग्ण अक्यूट केअरचा, मग तो कोणत्याही छताखाली असो. गळ्यातल्या नळीवाटे व्हेंटिलेटरवर असलेला आणि दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात महिनोन्‌महिने राहणारा रुग्ण रुग्णालयाबाहेर असूनही या कक्षेत येतो. याउलट, रुग्णालयाच्याच आपत्कालीन विभागात घसा दुखतो म्हणून आलेला तरुण प्राथमिक उपचारांच्या कक्षेतला असतो.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण नोकरीच्या जाहिरातीपासून न्यायालयातल्या खटल्यापर्यंत सर्वत्र त्याचा परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या बहुसंख्य नर्स प्रॅक्टिशनर ‘फॅमिली’ या शाखेच्या आहेत. त्यांचे शिक्षण लहान बाळापासून वृद्धापर्यंत सर्वांना पुरणारे, पण प्राथमिक उपचारांपुरते असते. ती शाखा रुंद आहे, नोकऱ्या जास्त आहेत, ऑनलाइन अभ्यासक्रम मुबलक आहेत, म्हणून आयसीयूत वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेक नर्सेस तीच निवडतात आणि नंतर आयसीयूतच काम करू पाहतात. ‘दहा वर्षे व्हेंटिलेटर सांभाळलेत, मग आता मला का नाही?’ असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर कडू आहे: नर्स म्हणून मिळवलेला अनुभव नर्स प्रॅक्टिशनरची कक्षा रुंदावत नाही, ती कक्षा औपचारिक शिक्षण आणि प्रमाणपत्र यांवरून ठरते. काही रुग्णालये याकडे काणाडोळा करून नेमणूक देतात हे खरे, पण उद्या धोरण कडक झाले किंवा एखादे प्रकरण वकिलाकडे गेले, की त्याच व्यक्तीला पदव्युत्तर प्रमाणपत्रासाठी पुन्हा वर्गात बसावे लागते. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक हीच आहे, आणि ती पहिल्याच अर्जाच्या वेळी होते.

ही कक्षा ठरवणारी चौकट २००८ साली तयार झाली. तिला सर्वसाधारणपणे ‘कन्सेन्सस मॉडेल’ म्हणतात. परवाना, शिक्षणसंस्थेची मान्यता, प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रम या चारही गोष्टी एकाच रेषेत असाव्यात, हा तिचा गाभा आहे. प्रगत नर्सिंगच्या चार भूमिका तिने मान्य केल्या: नर्स प्रॅक्टिशनर, भूल देणारी नर्स, नर्स-मिडवाइफ आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. त्याखाली सहा रुग्णगट ठरवले आणि त्यांपैकी ‘प्रौढ व वृद्ध’ आणि ‘बालक’ या दोन गटांत नर्स प्रॅक्टिशनरसाठी प्राथमिक आणि अक्यूट अशा स्वतंत्र वाटा पाडल्या. म्हणजे ‘मला अक्यूट केअर करायचे आहे’ एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या वयाच्या रुग्णांसाठी हेही आधीच सांगावे लागते. मोठ्यांच्या आयसीयूसाठीची शाखा ‘अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी अक्यूट केअर’, लहान मुलांसाठीची ‘पेडिअ‍ॅट्रिक अक्यूट केअर’, आणि नवजात बालकांसाठीचा गट तर पूर्ण वेगळा. पहिलीचे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती चार वर्षांच्या मुलावर उपचार करू शकत नाही, ती कितीही निष्णात असली तरी.

हे पद आले कुठून

नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना आयसीयूत जन्मलीच नाही. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो मुलांच्या प्राथमिक आरोग्यासाठी होता. ग्रामीण भागातल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते आणि तिथे नर्स आधीच पोचलेली होती, एवढे साधे त्याचे कारण. फोर्डबाई १०४ वर्षे जगल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांनी लावलेल्या रोपाचा वृक्ष झालेला त्यांनी पाहिला होता.

रुग्णालयात ही भूमिका बऱ्याच उशिरा शिरली. प्रौढांच्या अक्यूट केअरसाठीची पहिली राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा १९९५ साली झाली. या भूमिकेला खरा वेग आला तो मात्र डॉक्टरांच्या बाबतीतल्या एका नियमाने. २००३ साली अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ८० पर्यंत मर्यादित करण्यात आले. रुग्ण तेवढेच राहिले, रात्री तेवढ्याच राहिल्या आणि वॉर्डातले हात मात्र कमी झाले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळी पाहिलेल्या कोणालाही ही पोकळी किती मोठी असेल याची कल्पना येईल. अनेक रुग्णालयांनी ती भरण्यासाठी नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांना नेमायला सुरुवात केली. निवासी डॉक्टर दर महिन्याला विभाग बदलतात, नर्स प्रॅक्टिशनर मात्र त्याच विभागात वर्षानुवर्षे राहते, हा फायदा व्यवस्थापनांच्या नंतर लक्षात आला.

पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे नोंदणीकृत नर्स होणे. तिकडे त्यासाठी चार वर्षांची नर्सिंगची पदवी हा सरळ मार्ग आहे. त्यानंतर एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा संगणकावर होते आणि उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरावरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. कमीतकमी ८५ आणि जास्तीतजास्त १५० प्रश्न, पाच तासांची मर्यादा. ८५ व्या प्रश्नालाच संगणकाने परीक्षा थांबवली की पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ ‘नक्की उत्तीर्ण’ किंवा ‘नक्की अनुत्तीर्ण’ यांपैकी काहीही असू शकतो. एप्रिल २०२३ पासून या परीक्षेत एकाच रुग्णाची हकिगत टप्प्याटप्प्याने उलगडत नेणारे प्रश्न आले आहेत आणि पाठांतरावर विसंबणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली आहे.

दुसरी पायरी अनुभवाची. कायदा प्रत्येक ठिकाणी ती सक्तीची करत नाही, पण अक्यूट केअरच्या चांगल्या अभ्यासक्रमांत एक ते दोन वर्षे आयसीयू किंवा तत्सम विभागात काम केल्याशिवाय प्रवेश मिळणे अवघड असते. या काळात अनेक नर्सेस सीसीआरएन हे अतिदक्षता शुश्रूषेचे प्रमाणपत्र मिळवतात. त्याच्या पात्रतेच्या एका पर्यायानुसार दोन वर्षांत १७५० तास गंभीर रुग्णांची थेट शुश्रूषा केलेली असावी लागते. हे प्रमाणपत्र नर्सचे आहे, नर्स प्रॅक्टिशनरचे नाही. नावे सारखी वाटत असल्यामुळे गोंधळ होतो म्हणून मुद्दाम सांगितले. गोंधळाचा आणखी एक नमुना: अमेरिकेत ‘एएसीएन’ या एकाच आद्याक्षरांच्या दोन संस्था आहेत. एक अतिदक्षता परिचारिकांची, दुसरी नर्सिंग महाविद्यालयांची. पहिली परीक्षा घेते, दुसरी शिक्षणाविषयी धोरण सुचवते. कोणी ‘एएसीएनने असे सांगितले’ म्हटले, की कोणत्या एएसीएनने, हे आधी विचारावे.

तिसरी पायरी पदव्युत्तर शिक्षणाची. एमएसएन ही पदव्युत्तर पदवी किंवा डीएनपी ही व्यावसायिक डॉक्टरेट, यांपैकी एक घ्यावी लागते. महाविद्यालयांच्या संस्थेने २००४ साली अशी शिफारस केली होती, की २०१५ पर्यंत प्रगत नर्सिंगसाठी डॉक्टरेट हीच किमान पात्रता व्हावी. ती मुदत येऊन गेली, तरी नर्स प्रॅक्टिशनरसाठी एमएसएन अजून चालते. दोन्ही मार्गांनी शेवटी तीच परीक्षा द्यावी लागते आणि तोच परवाना मिळतो. ज्यांना शिकवायचे आहे किंवा व्यवस्थापनात जायचे आहे त्यांनी डॉक्टरेटचा विचार करावा, ज्यांना केवळ रुग्णांपाशी राहायचे आहे त्यांनी आधी एमएसएन करून कामाला लागावे, असे मला वाटते.

अभ्यासक्रमाचा पाया तीन विषयांचा असतो: प्रगत विकृतिशरीरक्रियाशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत शारीरिक तपासणी. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून विद्यार्थी त्यांना ‘थ्री पी’ म्हणतात. त्यावर अक्यूट केअरचे खास विषय येतात: व्हेंटिलेटर, रक्ताभिसरणाचे मोजमाप, शॉक, मूत्रपिंड निकामी होणे, ईसीजी आणि एक्स-रे वाचणे, सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत नळी घालणे, श्वासनलिकेत नळी घालणे.

या शिक्षणात विचार कसा बदलतो, हे एका लहानशा गणितावरून दिसते. फुप्फुसांना गंभीर सूज आलेल्या, एआरडीएस झालेल्या एका पुरुषाला व्हेंटिलेटरवर घ्यायचे आहे. उंची १७० सेंमी, वजन ११० किलो. प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची? नियम किलोमागे ६ मिलीचा आहे, म्हणून ११० गुणिले ६ करून ६६० मिली हे उत्तर पटकन सुचते आणि ते धोकादायक आहे. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत, ती उंचीच्या प्रमाणात असतात. त्यामुळे इथे काट्यावरचे वजन न धरता उंचीवरून काढलेले वजन धरतात. पुरुषासाठी ५० मध्ये, उंचीतून १५२.४ वजा करून उरलेल्या सेंटीमीटरांची ०.९१ पट मिळवायची. म्हणजे ५० अधिक १६, एकूण ६६ किलो. गुणिले ६, साधारण ४०० मिली. ६६० मिलीने फुगवलेली सुजलेली फुप्फुसे आणखी फाटत जातात. कमी हवेने मृत्यू कमी होतात हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले. खाटेजवळच्या नर्सला हा आकडा बहुधा पाठ असतो. नर्स प्रॅक्टिशनरला तो का आहे हे माहीत असावे लागते, कारण कर्बवायू वाढू लागला, रक्त आम्लधर्मी होऊ लागले, की हवेचे माप वाढवायचे, श्वासांची संख्या वाढवायची, की तेवढा कर्बवायू सहन करायचा, हे तिलाच ठरवायचे असते.

वर्गातल्या शिक्षणाइतकेच महत्त्व क्लिनिकल तासांना आहे. पूर्वी किमान ५०० तासांची अट होती, २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ती थेट रुग्णसेवेच्या ७५० तासांवर नेली. हे तास नर्स म्हणून केलेल्या ड्यूटीतून वळते करून घेता येत नाहीत. विद्यार्थिनी म्हणून, अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर यांच्या हाताखाली, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘प्रिसेप्टर’च्या देखरेखीखाली, ते पूर्ण करावे लागतात. काही ऑनलाइन अभ्यासक्रम प्रिसेप्टर शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच टाकतात आणि मग पूर्ण वेळ नोकरी सांभाळून ओळखीपाळखीतून रुग्णालये पालथी घालण्याची वेळ येते. प्रवेश घेण्यापूर्वी विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणून ‘प्रिसेप्टर तुम्ही देणार की मी शोधायचा?’ हा प्रश्न मी फीपेक्षाही वर ठेवीन.

चौथी पायरी राष्ट्रीय प्रमाणपत्राची. मोठ्यांच्या अक्यूट केअरसाठी दोन संस्था परीक्षा घेतात. एएनसीसीच्या परीक्षेतून एजीएसीएनपी-बीसी ही उपाधी मिळते आणि अतिदक्षता परिचारिकांच्या एएसीएनकडून एसीएनपीसी-एजी. दोन्हींत १७५ प्रश्न, त्यांपैकी १५० गुणांसाठी धरले जातात. राज्यांची मंडळे दोन्ही मान्य करतात. प्रमाणपत्र पाच वर्षे टिकते, त्यानंतर काम आणि शिक्षण यांचा पुरावा देऊन नूतनीकरण करावे लागते.

पाचवी पायरी राज्याच्या परवान्याची, आणि इथे अमेरिका हा एक देश आहे असे वाटतच नाही. अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरशी कोणताही करार न करता तपासणी, निदान आणि औषधोपचार करू शकते. वॉशिंग्टन आणि ऑरेगन ही राज्ये त्यांपैकी आहेत. टेक्सासमध्ये औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियाने २०२० साली कायदा केला आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य द्यायला सुरुवात केली. मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधे लिहायची तर केंद्र सरकारच्या डीईए या संस्थेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. पण आयसीयूत काम करणाऱ्यांना राज्याच्या कायद्याइतकाच, किंबहुना जास्त, रुग्णालयाचा अंतर्गत नियम जाचतो. परवाना असला, तरी सेंट्रल लाइन घालण्याची परवानगी रुग्णालयाची समिती वेगळी देते. त्यासाठी ठरावीक संख्येने ती प्रक्रिया कोणाच्या तरी नजरेखाली करून दाखवावी लागते, आणि रुग्णालय बदलले की बहुधा ही कागदपत्रांची वारी पुन्हा नव्याने सुरू होते. पदवी मिळाल्यापासून प्रत्यक्ष पहिल्या ड्यूटीपर्यंत काही महिने सहज जातात, हे हाताशी पैसे राखताना लक्षात घ्यावे.

पगाराचा विषय दोन वाक्यांत संपतो. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी खात्याच्या मे २०२३ च्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत नर्सचे मध्यम वार्षिक वेतन ८६,०७० डॉलर आणि नर्स प्रॅक्टिशनरचे १,२६,२६० डॉलर होते. तिकडच्या मोठ्या शहरांत अनुभवी आयसीयू नर्स रात्रपाळी आणि ओव्हरटाइम धरून नव्या नर्स प्रॅक्टिशनरपेक्षा अधिक कमावते असेही घडते, तेव्हा केवळ पैशासाठी ही वाट धरणाऱ्यांनी आधी त्या शहरातला हिशेब मांडावा.

आपल्याकडे काय आहे

भारतात ही भूमिका अगदीच अपरिचित नाही. भारतीय नर्सिंग परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला. बीएस्सी नर्सिंग आणि अनुभव असलेल्यांसाठी तो आहे आणि त्याची रचना वाखाणण्याजोगी आहे: केवळ २० टक्के सैद्धांतिक आणि ८० टक्के प्रत्यक्ष काम. आपल्या इतर नर्सिंग अभ्यासक्रमांत फाइली, असाइनमेंट आणि प्रबंध यांत जेवढा वेळ जातो, त्याच्याशी तुलना केली की हा आकडा किती वेगळा आहे ते कळते. ही विद्यार्थिनी रुग्णालयाने ठरवलेल्या प्रोटोकॉलच्या आणि स्थायी आदेशांच्या चौकटीत तपासण्या सांगू शकते आणि ठरावीक औषधे देऊ शकते.

अडचण अभ्यासक्रमात नाही, त्यानंतरच्या टप्प्यात आहे. अमेरिकेत शिक्षण, प्रमाणपत्र, परवाना आणि पद या कड्या एकमेकींत अडकलेल्या आहेत, तर आपल्याकडे पहिली कडी तयार होऊन पुढच्या कड्या घडायच्या राहिल्या आहेत. अनेक रुग्णालयांत या नावाचे पदच मंजूर नाही. मग शिकून आलेली सिस्टर पुन्हा स्टाफ नर्स किंवा इन-चार्ज म्हणूनच रुजू होते आणि रात्री तीन वाजता रक्तदाब घसरला, की पूर्वीप्रमाणेच आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोन लावते. १९४७ च्या नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. या भूमिकेला कायद्याचा भक्कम आधार कधी आणि कसा मिळतो, ते त्याच्या अंमलबजावणीत दिसेल.

इथली ही पदवी अमेरिकेत जशीच्या तशी चालत नाही. तिथल्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायचे तर तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातूनच शिक्षण घेतलेले असावे लागते. म्हणून मराठी नर्सला आधी तिकडची नोंदणीकृत नर्स व्हावे लागते आणि मग पुढचे शिक्षण. एनक्लेक्स देण्यासाठी आता परदेशी जावे लागत नाही, मुंबईतही तिचे केंद्र आहे. पदव्यांची पडताळणी पूर्वी सीजीएफएनएस या नावाने ओळखली जाणारी संस्था करते, आणि स्थलांतरासाठी व्हिसास्क्रीन हे प्रमाणपत्र व इंग्रजीची परीक्षा लागते. खरी कोंडी व्हिसाची आहे. नर्सेस सहसा ज्या रोजगार-आधारित ग्रीनकार्डाच्या गटातून जातात, त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून अधिक लांबलेली आहे. त्यामुळे जोडीदाराच्या व्हिसावर आधीच तिकडे गेलेल्या पुण्या-नाशिकच्या नर्सेसना ही वाट तुलनेने मोकळी असते, तर इथून थेट निघालेल्यांना ती बरीच लांबची पडते.

जीएनएम पदविका केलेल्यांसाठी आणखी एक थांबा आहे. तीन वर्षांच्या पदविकेवरून पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळायचा तर आधी पदवीचे अंतर भरून काढावे लागते. इथेच पोस्ट बेसिक बीएस्सी करून जावे की तिकडे जाऊन पूरक पदवी घ्यावी, याचा निर्णय वय, खर्च आणि व्हिसा पाहून प्रत्येकीने घ्यायचा आहे.

एक काम मात्र आज, इथे, बसल्या जागी करता येते. पडताळणी करणारी संस्था प्रत्येक विषयाचे सैद्धांतिक तास आणि प्रत्येक वॉर्डातले क्लिनिकल तास वेगवेगळे मागते: मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार. हे कागद शिक्षणसंस्थेने थेट पाठवायचे असतात. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शाळेतून जीएनएम केले तिथल्या प्राचार्या निवृत्त झालेल्या असतात, रजिस्टर कपाटात सापडत नाही, काही वेळा शाळाच बंद झालेली असते, आणि मानसोपचाराच्या तासांचा एक आकडा मिळत नाही म्हणून सगळा अर्ज अडून राहतो. ज्यांच्या मनात ही वाट नुसती डोकावली आहे त्यांनीसुद्धा पुढच्या सुट्टीत आपल्या महाविद्यालयात जाऊन तासांचा सविस्तर तक्ता सही-शिक्क्यासह मागून आणावा, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि कार्यालयात ही नोंद सांभाळणाऱ्या लिपिकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्याच पाकिटावर लिहून ठेवावा.